देवासमोर उभी केलेली बकरी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी आई सगळ्यांना सांगत फिरायची. साफ खोटं. नाकाच्या शेंड्यावरचा राग जसा येतो तसा जातो. माझा जात नाही. त्या डिसेंबरमधला तर अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

मोलगीपासून जीपने तासभर आत गेलं की एक कॅथलिक शाळा लागते. तिथे मी पहिलीचा वर्ग घेते. शाळेचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. मी स्वतः जन्माने कॅथलिक, नवापूरकडची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी म्हणेल की बाहेरची बाई आली आणि आमच्या सणाला नावं ठेवून गेली. नाताळ माझाही सण आहे. म्हणूनच तर राग आहे. दुसऱ्याच्या घरातला कचरा कोणाला एवढा टोचत नाही.

आमच्या आवारात चर्च, शाळा, मुलींचं वसतिगृह आणि सिस्टरांचं घर. पहिली आणि दुसरी एकाच लांबट खोलीत बसतात. पुढे पहिली, मागे दुसरी, आणि मध्ये घसा फोडणारी मी. निम्मी पोरं ख्रिस्ती घरांतली, निम्मी जुने देव मानणाऱ्या घरांतली. पोरांना त्याचं काही नसतं. दिवाळी झाली की बहुतेकांचे आईबाप गुजरातला कामाला जातात आणि पोरं आजा-आजीपाशी राहतात. त्यामुळे त्या दिवसांत माझ्या वर्गात 'आई' हा शब्द जपून वापरावा लागतो.

तरी डिसेंबर हा पहिलीचा सगळ्यात चांगला महिना. जूनमध्ये पेन्सिल मुठीत धरणारी पोरं तोवर चिंचोके मांडून बेरीज करायला लागलेली असतात. घरी भिली बोलणाऱ्या पोराने उभं राहून शाळेतल्या मराठीत एक अख्खं वाक्य बोलायचं, हे मी त्या महिन्यात शिकवते. ज्याने त्याने आपली एक वस्तू आणायची, सगळ्यांपुढे धरायची आणि न घाबरता सांगायचं. ही माझी पाटी आहे. हा माझा भोवरा आहे. एकाने एकच चप्पल आणली. "ही माझी चप्पल आहे," म्हणाला, आणि दुसरीचं विचारल्यावर ती आज भावाच्या पायात आहे असं कळलं. मग एक पोर बाहेर गेली आणि दोरी ओढत आत आली.

"ही माझी बकरी आहे."

वर्ग हसून लोळला. ती हसली नाही. तिने वाक्य बरोबर म्हटलं होतं आणि ते खरं होतं.

ती माझ्या वर्गातली सगळ्यात बुटकी. वरच्या पाड्यावर आजोबांजवळ राहायची. आईबाप सुरतेकडे बांधकामावर. घर जुन्या देवांचं. ती जन्मली तेव्हा तिच्या मामाने एक शेळी तिच्या नावाने दिली होती, आणि ही त्या शेळीची पाट, म्हणजे मादी करडू. तपकिरी अंग, एक कान पांढरा. रोज सकाळी पोरीच्या मागे डोंगर उतरायची आणि शाळा सुटेपर्यंत आमच्या खिडकीखाली, मोहाच्या झाडाला बांधलेली असायची. हजेरी संपली की पोरं बकरीच्या वाटणीचं 'हजर' ओरडायची. मी खपवून घ्यायचे.

आमच्याकडे नाताळच्या आधीच्या आठवड्यांची एक रीत आहे. वर्गात चार मेणबत्त्या मांडायच्या आणि दर आठवड्याला एक जास्त पेटवायची. शेजारी लाकडी गव्हाण ठेवायची, रिकामी. पोराने एखादं चांगलं काम केलं की पेंढ्याची एक काडी त्यात टाकायची. अशा काड्या साठत साठत नाताळपर्यंत बाळ येशूचं मऊ अंथरूण तयार होतं. मला लहानपणापासून ही रीत फार आवडते. पोरं तर त्यासाठी जिवाचं रान करतात. कोणी कोणाच्या पायातला काटा काढला, काडी. कोणी सिस्टरांची बादली उचलली, काडी. एकाने येऊन सांगितलं, "बाई, मी आज कोणालाच मारलं नाही." त्याच्यासाठी ते खरंच मोठं काम होतं. दिली काडी.

दुसरी मेणबत्ती पेटली त्या आठवड्यात गव्हाण छान भरली होती. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर, मी पाणी प्यायला गेलेली. परत येऊन बघते तर पांढऱ्या कानाची बाई खिडकीतून अर्धी आत, पुढचे पाय आमच्या टेबलावर, आणि सगळ्या वर्गाची पुण्यं चावून चावून खातेय.

"बाई, आता बाळ कुठे झोपणार?" एका पोराने विचारलं आणि चार जणी रडायला लागल्या. मला हसू आवरेना. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आवाज ऐकून आल्या आणि त्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी त्या पोरीला शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. खाल्लं बकरीने, शिक्षा पोरीला. मी तेव्हाच तोंड उघडलं, पण सिस्टरांनी हात वर केला आणि त्या निघून गेल्या.

मोठ्या सिस्टर लांबच्या राज्यातून आलेल्या. खरूज झालेल्या पोराला स्वतःच्या हाताने अंघोळ घालणारी बाई. तिला वाईट म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण चांगल्या माणसांचा एक दोष असतो. आपण चांगल्या कामासाठी मागतोय म्हटल्यावर समोरचा देणारच, असं ती गृहीत धरतात.

दुसऱ्या दिवशी त्या प्रसन्न चेहऱ्याने वर्गात आल्या. "टीचर, मला कल्पना सुचली. यावर्षी नाताळच्या नाटकातला पहिलीचा गोठा जिवंत करू. पुठ्ठ्याची जनावरं नकोत. आपल्याकडे खरी बकरी आहेच ना!"

आपल्याकडे. हा शब्द मला तेव्हा टोचायला हवा होता.

मी पोरीला जवळ बोलावून विचारलं. तिने बकरीची दोरी मागे घेतली आणि मान हलवली. तिच्या भाषेत ती काय म्हणाली ते वर्गातल्या एका मोठ्या पोरीने मला सांगितलं. सणाला नेलेली बकरी घरी येत नाही. कपाळाला लाल लावतात आणि मग कापतात.

सहा वर्षांच्या पोरीने जे पाहिलं होतं तेच ती सांगत होती. मी तिला मांडीवर घेतलं. शाळेच्या सणात कापत नाहीत म्हटलं. बाळ गव्हाणीत थंडीने कुडकुडतं, बकरी नुसती शेजारी उभी राहणार, बाळाला ऊब देणार, आणि कार्यक्रम झाला की दोरी तुझ्या हातात. "माझा शब्द," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग गव्हाणीकडे बघितलं. बाळ कुडकुडतं हे तिला पटलं असावं, कारण तिने मला दोरी हातात धरून बघू दिली.

आजोबांनाही विचारायला हवं म्हणून मी वर पाड्यावर गेले. म्हातारा बाजारात शिकलेली अहिराणी बोलतो, माझ्याशी तेवढी पुरते. मी सगळं सांगितलं. तो बिडी विझवून ऐकत राहिला. त्याने एकच प्रश्न विचारला.

"देवनापुढे उभी करशात?"

"हा," मी म्हटलं. "बाळ येशूपुढे."

त्याने मान डोलावली. बस, तेवढंच. परवानगी मिळाली म्हणून मी आनंदात डोंगर उतरले. आता वाटतं, त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघायला कोणी मला थोबाडीत मारून लावलं असतं तर बरं झालं असतं.

नंतरचे दिवस धामधुमीचे. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद लावून आम्ही चांदणी केली. सागाच्या पानांचं छप्पर केलं. देवदूतांना पुठ्ठ्याचे पंख, मेंढपाळांना घरून आणलेल्या घोंगड्या. गाणी पाठ झाली. गव्हाण पुन्हा भरायला घेतली, यावेळी खिडकी लावून. बकरीवालीने सगळ्यात जास्त काड्या टाकल्या. बकरीने खाल्लेलं ती भरून काढत होती. मी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चसमोरच्या मांडवात कार्यक्रम झाला. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक आले होते, ख्रिस्ती आणि बाकीचेही. बकरी न्हाऊन चकचकीत झालेली, गळ्यात झेंडूची माळ. आमची बुटकी मेंढपाळ घोंगडीत बुडालेली, हातात दोरी. सबंध नाटकात तिला एकच वाक्य होतं, "बाळा, ही माझी बकरी आहे, तुला ऊब देईल," आणि ते तिने एवढ्या खणखणीत आवाजात म्हटलं की मागच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मला रडू आलं. मी सरळ सांगते, मला वाटलं की शिक्षिका होण्याचं सार्थक झालं.

नाटक झालं आणि लगेच मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, सुरू झाली. आमच्याकडे मिस्सेत अर्पणाची रांग लागते. कोणी भात आणतं, कोणी ज्वारी, भोपळा, कोंबडी. वेदीपुढे फादरांच्या हातात द्यायचं. त्या सगळ्याचं नाताळच्या दिवशी गावजेवण होतं. गावची ही पद्धत चांगलीच आहे, मी लहानपणी त्याच रांगेत अंडी घेऊन उभी राहायचे.

रांगेच्या शेवटी मला पाड्यावरचा आजोबा दिसला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा फेटा. मला वाटलं, नातीचं कौतुक बघायला पुढे आला. तो पोरीजवळ गेला. तिने हसत दोरी त्याच्या हातात दिली. घरी जायचं ना आता. म्हाताऱ्याने बकरीच्या कपाळाला कुंकू लावलं, तिला वेदीपर्यंत नेलं आणि दोरी फादरांच्या हातात ठेवून वाकला.

ढोल वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या देवाच्या माणसाने आमच्या देवाला बकरी दिली, फादरांचे डोळे भरून आले.

पोरीने लाल कपाळ बघितलं आणि तिने जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. ती बकरीवर झेपावली. दोन बायकांनी तिला उचलून बाहेर नेलं, लेकरू दमलं असेल म्हणाल्या. बाहेर जाताना तिने माझ्याकडे बघितलं. आजोबाकडे नाही, फादरांकडे नाही. माझ्याकडे.

मिस्सा संपायची वाट न बघता मी पाकघरामागच्या शेडकडे गेले. बकरी तिथे कोंबड्यांशेजारी बांधलेली. मी दोरी सोडली, तर मागून चर्चच्या कमिटीचे दोघे आले. "बाई, अर्पणाचं जनावर आहे." मी म्हटलं, अर्पणाचं नाही, पहिलीच्या नाटकाचं आहे. त्यांनी मोठ्या सिस्टरांना बोलावलं. सिस्टर म्हणाल्या, "आजोबांनी स्वतःच्या हाताने दिली ना, टीचर? आम्ही मागितली नाही."

"बकरी आजोबांची नाही," मी म्हटलं. "पोरीची आहे."

"पोर सहा वर्षांची आहे."

"मग? सहा वर्षांच्या माणसाचं काही नसतं? काडी टाकताना तिचं पुण्य तिचं, आणि बकरी मात्र सगळ्यांची?"

सिस्टर माझ्याशी भांडल्या नाहीत. त्या कधीच भांडत नाहीत. दिलेलं दान परत मागणं म्हाताऱ्याचा अपमान होईल, असं शांतपणे सांगून त्या पाहुण्यांना चहा द्यायला गेल्या. दगडाशी भांडता येतं, एक तरी ठिणगी उडते. शांत माणसाशी भांडून आपलंच डोकं फुटतं.

सोमवारी पोर शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. मी वर्ग मोठ्या पोरांवर सोपवून पाड्यावर गेले, आणि खरं सांगते, म्हाताऱ्याला फाडून खायच्या तयारीने गेले. पोर घरात भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी अंगणातच सुरू झाले. स्वतःच्या नातीचं जनावर देताना काही कसं वाटलं नाही, तिला एका शब्दाने तरी विचारलं का, वगैरे. त्याने मला बोलू दिलं. मग म्हणाला,

"बाई, तूच सांगं ना, देवनापुढे उभी करतस. देवनी देखं, गावनी देखं. आते माघारी कशी लेऊ?"

देवाने बघितलं, गावाने बघितलं, मग मागे कशी आणू. देव कोणाचा का असेना, त्याच्यापुढे नेऊन दाखवायचं आणि परत ओढत आणायचं, असं त्याच्या बापजाद्यांत कोणी केलं नव्हतं. मी डोंगर चढून देवासाठी बकरी मागायला गेले होते आणि मला वाटत होतं की मी उसनी मागतेय.

"मंग तवाच नई म्हनता येत नव्हतं?" मी ओरडले.

तो म्हणाला, "शाळा मांगस बाई. शाळाले नई कसं म्हनू?"

शाळा मागते, तिला नाही कसं म्हणणार. आम्ही मागतो. हसून मागतो, प्रेमाने मागतो, देवाच्या नावाने मागतो, आणि समोरच्याला नाही म्हणायची सोयच नसते. मग टाळ्या वाजवतो की बघा, किती मोठ्या मनाने दिलं.

शेवटी म्हाताऱ्यानेच वाट काढली. देवाला दाखवलेल्या जनावराची बदली देता येते. त्याहून मोठं, धडधाकट जनावर दिलं तर देवाचं देवाला आणि घरचं घरी. त्याच्याकडे द्यायला दुसरं नव्हतं. मी म्हटलं, मी आणते. घरात भिंतीकडे तोंड केलेली पोर उठून बसली.

खाली आल्याबरोबर मी फादरांना आणि सिस्टरांना सांगितलं. फादर चटकन हो म्हणाले, हलकंच वाटलं त्यांना. सिस्टर म्हणाल्या, "छान. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत आणा." कमिटीच्या माणसांनी तर बोकडाचं नाव काढताच मान डोलावली. बोकडाला मांस जास्त.

मोलगीच्या आठवडे बाजाराला मी पहिल्या जीपने गेले. जनावरांच्या बाजारात मला कोण ओळखतंय? बायका तिथे बोकडं घ्यायला येत नाहीत. पण माझा आवाज मोठा आहे, लवकरच ओळखायला लागले. एका व्यापाऱ्याने काळा, दांडगा, वास मारणारा बोकड माझ्यापुढे उभा केला.

"कापाले लेई ऱ्हायनात का पाळाले?"

"बदलाले," मी म्हटलं.

"बदलाले? हाई काय नवं?" त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पण त्याने बोकड चांगला दिला, खोटं बोलणार नाही. परतीच्या जीपमध्ये तो माझ्या पायांत उभा होता. वाटेत त्याने माझ्या साडीवर मुतून घेतलं आणि शेजारच्या माणसाची बिडी खाल्ली. मला इतका आनंद झाला होता की मी काही बोलले नाही. पोरीच्या हातात दोरी देताना काय म्हणायचं ते मी मनात घोळवत होते.

शाळेच्या फाटकाशी दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. शहरातून मोठे पाहुणे शाळा बघायला एकाएकी आले होते. मांडवात पानं मांडलेली, रश्श्याचा वास सुटलेला. मी बोकड तसाच ओढत पाकघरामागे गेले. शेडमध्ये कोंबड्या होत्या. खुंटीला दोरी होती. झेंडूची सुकलेली माळ खाली पडलेली होती.

मोठ्या सिस्टर धावत बाहेर आल्या. माझा चेहरा बघून त्यांचा उतरला, हे मान्य करायला हवं. "टीचर," त्या म्हणाल्या, "स्वयंपाकीणबाईंना सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं. भाकरीला मीठ घालायचं राहून जातं. दाराला कडी लावायची राहून जाते. हे राहून कसं जातं? डोंगर चढून मी एका म्हाताऱ्याशी भांडून आले, जगभराच्या बोकडांतून एक निवडून आणला, फादर हो म्हणाले, सिस्टर छान म्हणाल्या, आणि पाकघरापर्यंतची ती चार पावलं कोणाच्याच पायाने झाली नाहीत. कोणी वाईट वागलं नव्हतं. हेच तर मला सहन होत नाही. कोणी दुष्ट असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या आणि रात्री झोपले असते.

"सिस्टर," मी म्हटलं, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "त्या पोरीने बाळाला ऊब द्यायला बकरी उभी केली होती. तुम्ही ती पानात वाढलीत."

मला कोणीतरी दंडाला धरून बाजूला नेलं. पाहुणे जेवत राहिले असावेत.

मी बोकड घेऊन तशीच पाड्यावर गेले. जायला नको होतं, पण शब्द दिला होता, आणि तोंड लपवून बसणं मला जमत नाही. पोर अंगणात उभीच होती, वाट बघत. तिने बोकड बघितला. मग माझ्या मागे बघितलं, उतारावर, अजून कोणी येतंय का म्हणून. बराच वेळ बघितलं. मी दोरी पुढे केली.

तिने हात मागे बांधले आणि शाळेतल्या मराठीत, मी शिकवलं होतं तसं, अख्खं वाक्य म्हटलं. "हा माझा नाही."

म्हाताऱ्यानेही घेतला नाही. बदलायला काही उरलं नव्हतं, मग बदली कशाची? तेलही गेलं, तूपही गेलं, आणि माझ्या हाती वास मारणारं हे धुपाटणं. कमिटीवाले नाताळसाठी मागायला आले तेव्हा मी त्यांना दारातूनच हाकललं. नाताळच्या मिस्सेला मी गेले, माझ्या देवावर माझा राग नव्हता. गाणी मोठ्याने म्हटली. गावजेवणाला बसले नाही.

पोर जानेवारीत शाळेत आली. एकटीच. वाचायला शिकली, वजाबाकी शिकली, माझ्याशी कामापुरतं बोलली. माझ्या खोलीबाहेर बांधलेल्या बोकडाजवळून जाताना ती मान वळवून जायची. मोठ्या सिस्टरांनी तिला गोळ्या दिल्या, एक बाहुली दिली. तिने दोन्ही घेतलं आणि दुसऱ्या पोरींना देऊन टाकलं. तिच्या आईबापांना होळीला आल्यावर कळलं. आई मला बाजारात भेटली आणि पाठ फिरवून निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

वर्ष गेलं. पुन्हा डिसेंबर आला. पहिलीत नवी पोरं, आणि ती आता त्याच खोलीत मागे, दुसरीच्या बाकावर. चार मेणबत्त्या मांडल्या, गव्हाण ठेवली, पहिली काडी पडली. त्या आठवड्यात मोठ्या सिस्टर हसत आत आल्या.

"मुलांनो, मागच्या वेळी जिवंत गोठा किती सुंदर झाला होता! यावर्षी कोणाकडे बकरी आहे?"

मी खडू खाली ठेवला. सिस्टर विसरल्या होत्या. खरंच विसरल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत काही लपवाछपवी नव्हती.

आमच्या भागात बकरी नसलेलं घर शोधून सापडत नाही. मला एकेका पोराचं दार माहीत आहे, दारातलं जनावर माहीत आहे. एकही हात वर झाला नाही. नवी पोरं जुन्यांकडे बघत होती आणि जुनी पोरं जमिनीकडे. सिस्टरांनी एकेकाला विचारलं. तुझ्याकडे? नाही, सिस्टर. तुझ्याकडे? नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "टीचर, असं कसं?"

"नाहीत, सिस्टर," मी म्हटलं. "कोणाकडेच नाहीत."

तेवढ्यात बाहेर माझा बोकड ओरडला. मेल्याला नेमकं तेव्हाच सुचलं, आणि काय आवाज त्याचा, अख्ख्या आवारात घुमतो. सिस्टरांचा चेहरा उजळला.

"अरे, हा आहे की! हा तर आपलाच!"

मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या बाकावर काहीतरी पडलं. बकरीवाली उभी राहिली होती, पाटी खाली पडली होती. अजूनही वर्गातली सगळ्यात बुटकी. वर्षभर तिने त्या बोकडाकडे नजर टाकली नव्हती. तिने हात मागे बांधले, सिस्टरांच्या डोळ्यांत बघितलं आणि न घाबरता म्हणाली,

"तो माझा आहे. मी देत नाही."